बियांपासून डायन्थस: उगवतो पण टिकत नाही, त्याचं काय करायचं

ताई, तुमचा प्रश्न असा, की सांगलीत विश्रामबागेत घर, पुढं थोडी जागा, वर टेरेस. ऑनलाईन मागवलेलं डायन्थस या फुलझाडाच्या बियांचं पाकीट पाऊस लागल्यावर जूनमध्ये पेरलं, आठवड्याभरात भरपूर उगवलं आणि त्यानंतर एकेक रोप बुडाशी बारीक होऊन आडवं झालं. मग नर्सरीतून फुललेली रोपं आणली तर तीपण महिन्याभरात वाळली. आता बी खराब होतं का, आपल्या सांगलीच्या हवेत हे झाड येतं तरी का, आणि आलं तर त्याचं बी धरता येतं का, एवढं तुम्हाला हवंय.

येतं. चांगलं येतं, आमच्या रोपवाटिकेत दरवर्षी असतो हा. आणि बी खराब असतं तर ते उगवलंच नसतं, त्यामुळं बियाणेवाल्याला शिव्या देऊ नका. डायन्थस उगवायला एकदम सोपा, पेटुनियापेक्षा तर कितीतरी सोपा, पण पुढं त्याला दोनच गोष्टी मारतात, एक म्हणजे बुडाशी थांबलेलं पाणी आणि दुसरं चुकलेला महिना. तुमच्याकडं जूनमध्ये दोन्ही एकदम झालं.

आधी महिन्याचं बोलतो कारण तिथंच निम्मं काम होतं. आपल्याकडं जो डायन्थस कुंड्यांत लावतात तो बहुतेक डायन्थस चायनेन्सिस, म्हणजे उत्तर चीन, कोरिया, मंगोलिया त्या बाजूचं झाड, थंड कोरड्या हवेतलं. त्याला आपला पाऊस नको आणि आपला एप्रिल तर अजिबात नको. म्हणजे त्याच्या मनासारखी हवा आपल्याकडं नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढीच. पेरल्यापासून फुलापर्यंत त्याला साधारण ७० ते १०० दिवस लागतात, जात आणि हवा बघून. आता उलटं मोजा, डिसेंबरअखेर किंवा संक्रांतीला फुलं पाहिजे असतील तर बी सप्टेंबरच्या शेवटी नाहीतर ऑक्टोबरच्या सुरुवातीला पडलं पाहिजे. साधी खूण सांगतो, घरात घट बसले की डायन्थस पेरायचा, तासगाव-मिरज भागात द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी चालू असते तो टाइम. मग दिवाळीच्या आसपास रोपं जागेवर जातात आणि सगळी थंडी त्यांना मिळते. दुसरी बॅच नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात टाकली तरी चालते, ती फेब्रुवारीत फुलते, पण त्याच्या पुढं ढकलू नका कारण कळ्या लागायला आणि ऊन तापायला एकच गाठ पडते.

पाकिटावर काय छापलेलं असतं ते मात्र डोळे झाकून धरू नका. बऱ्याच पाकिटांवर मार्च-एप्रिलमध्ये पेरा, बर्फ संपल्यावर बाहेर काढा असं असतं, ते युरोप-अमेरिकेचं कॅलेंडर आहे, तिथला वसंत म्हणजे हवेच्या हिशोबानं आपला ऑक्टोबर-नोव्हेंबर. ते वाचून मार्चमध्ये पेरणारे खूप जण बघितलेत मी, मे महिन्यात विचारायला येतात की पानं का करपली. पाकिटावर खरं बघायचं ते वेगळंच, टेस्टची तारीख, व्हॅलिडिटी, उगवणीचा टक्का आणि मुख्य म्हणजे जातीचं नाव.

नाव का महत्त्वाचं, तर नुसतं डायन्थस लिहिलेल्या पाकिटात काहीही निघू शकतं. चायनेन्सिस असेल तर उत्तम, त्याच हंगामात फुलतो. टेलस्टार, आयडियल अशा नावांच्या ज्या सिरीज आहेत त्या चायनेन्सिस आणि बार्बेटस यांच्या संकरातल्या, ऊन जरा जास्त सोसतात, सांगलीसाठी मी त्याच घ्या म्हणेन, बी महाग असलं तरी. नुसता बार्बेटस म्हणजे स्वीट विल्यम, फोटोत लई भारी दिसतो, गुच्छच्या गुच्छ, पण त्याच्या जुन्या जाती पहिल्या वर्षी नुसती पानं करतात आणि थंडी खाऊन मग दुसऱ्या वर्षी फुलतात. आपल्याकडं मधे उन्हाळा आहे, त्यात ते झाड दुसरं वर्ष बघतच नाही बहुतेक वेळा. पहिल्याच वर्षी फुलणाऱ्या नव्या जाती आहेत, तसं पाकिटावर लिहिलेलं असेल तरच घ्या. पाचगणी-महाबळेश्वरला कुणी नातेवाईक असतील तर स्वीट विल्यम त्यांना द्या, त्यांच्याकडं तरून जायचा चान्स आहे.

आणि कार्नेशन. हे दरवेळी कुणीतरी विचारतंच. कार्नेशन म्हणजे डायन्थस कॅरिओफायलस, एकाच खानदानातला, पण बुकेत जो लांब दांड्याचा मिळतो, पॉलिहाऊसमधला, तो बियांपासून करत नाहीत, कटिंगपासून तयार केलेली रोपं आणतात. बियांचं कार्नेशनचं पाकीट मिळतं, लावा हौसेनं, पण फूल यायला पाच-सहा महिने जातील, आधार द्यावा लागेल आणि फूल दुकानातल्यासारखं निघणार नाही. वास मात्र त्याला असतो, लवंगेचा, युजेनॉल नावाचं लवंगेतलं तेच द्रव्य त्यात असतं. चायनेन्सिसला वास जवळजवळ नसतो, तेव्हा वासासाठी लावत असाल तर आधीच सांगून ठेवतो. (ते बुकेत पांढरं बारीक भुरभुरीत असतं ना, जिप्सोफिला, तेसुद्धा याच कुळातलं.)

आता पेरणी. बी काळं, चपटं, कांद्याच्या बियांच्या भाऊबंदांतलं वाटावं असं पण त्याहून बारीक, एका ग्रॅममध्ये हजाराच्या आसपास बसतं. पाकिटात तीस-चाळीस बिया आल्या की लोकांना फसवल्यासारखं वाटतं, पण घराला तेवढ्या खूप होतात. फिकट तपकिरी, पोकळ बिया दिसल्या तर त्या उगवणार नाहीत, सोडून द्या. गुलाबी-हिरवा रंग लावलेलं बी असेल तर त्यावर औषध चोळलेलं असतं, पेरून झाल्यावर हात धुवा आणि लहान पोरांच्या हातात देऊ नका.

पेरायला माती घेऊच नका, काळी तर नाहीच नाही. प्रो-ट्रे घ्या, मिरचीची रोपं ज्यात येतात तो, रिकामा कुणाकडंही मिळतो, फक्त चांगला धुवून उन्हात वाळवून घ्या. त्यात कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, दोन भाग आणि चाळलेलं गांडूळखत एक भाग. कोकोपीटची वीट भिजवल्यावर ते पाणी एक-दोनदा काढून टाकायचं, त्यात क्षार असतात आणि कोवळ्या मुळांना ते लागतात. मिश्रण मुठीत आवळलं तर गोळा व्हावा, बोट टोचलं की फुटावा आणि बोटांमधून पाणी गळू नये, एवढीच ओल. एका खणात एक किंवा दोन बिया, वरून त्याच कोकोपीटचा दोन-तीन मिलिमीटर थर, बस. याला उगवायला उजेड लागतो असं नाही, त्यामुळं झाकलेलं चालतं, पण खोल पुरलं तर वर यायला दम लागतो.

ऑक्टोबरमध्ये दुपारी आपल्याकडं चांगलंच तापतं, आणि याला उगवायला १८ ते २४ डिग्री पाहिजे असतं, तेव्हा उगवेपर्यंत ट्रे टेरेसवर ठेवू नका. उत्तरेचा व्हरांडा, जिन्याखाली, मोरीजवळची गार जागा, कुठंही. वर ओलं बारदान नाहीतर पेपर टाका. पाचव्या-सहाव्या दिवसापासून रोज सकाळी उचलून बघायचं आणि पहिलं हिरवं दिसलं की झाकण त्याच दिवशी कायमचं काढायचं, संध्याकाळी बघू म्हणायचं नाही. दहा दिवसांत सगळं उगवून होतं. लगेच भरपूर उजेडात, सकाळचं कोवळं ऊन मिळेल अशा ठिकाणी न्या, नाहीतर रोपं लांबट होतात आणि लांबट झालेलं डायन्थसचं रोप पुढं कितीही लाड केले तरी खोडात ताकद धरत नाही. मुंग्यांवर लक्ष ठेवा, पेरलेलं बी उचलून नेतात, ट्रेच्या चारी बाजूंनी हळद टाका किंवा ट्रे पाणी भरलेल्या परातीत विटेवर ठेवा.

तुमची रोपं जी गेली त्याला आपल्याकडं मर म्हणतात, मिरची-कांद्याच्या तरव्यात होते तीच. जमिनीतली बुरशी, पिथियम, रायझोक्टोनिया वगैरे, ती खोड मातीला टेकतं तिथं धरते, तिथं दोऱ्यासारखं बारीक होतं आणि वरचं रोप हिरवंगार असतानाच आडवं पडतं. तुम्ही लिहिलंय तेच. तिला काय लागतं, तर सतत ओला वरचा थर, दाट रोपं आणि कोंदट हवा, जूनमध्ये तिन्ही फुकट मिळतात. एकदा आडवं पडलेलं रोप उठत नाही, त्याच्यावर औषध मारण्यात अर्थ नाही, शेजारची वाचवायची. ट्रेला वरून झारीनं पाणी घालण्याऐवजी परातीत बोटभर पाणी घेऊन ट्रे पंधरा-वीस मिनिटं त्यात ठेवा, खालून ओढून घेतं, मग उचलून निथळायला ठेवा. पुढचं पाणी वरचा थर फिकट दिसायला लागल्यावरच. आणि संध्याकाळी पाणी नको, सकाळी द्या, रात्रभर रोपाची मान, म्हणजे खोड मातीला टेकतं ती जागा, ओली राहता कामा नये.

औषधाचं म्हणाल तर पेरतानाच मिश्रणात ट्रायकोडर्मा घाला, हळद लावणाऱ्या कुणाकडंही असतो, कंदकुजीसाठी वापरतात तोच. लागण दिसलीच तर कॉपर ऑक्सीक्लोराइड लिटरला २.५ ग्रॅम, नुसतं खोडाशी ओतायचं. पण दोन्ही एकाच वेळी देऊ नका, ट्रायकोडर्मा स्वतःच बुरशी आहे, तांब्याच्या औषधानं तोपण मरतो आणि मग लोक म्हणतात जैविकचा काही उपयोग नाही.

चार-पाच आठवड्यांत पानांच्या दोन-तीन जोड्या होतात, बोटानं ट्रेच्या खालून ढकललं की मुळांचा गोळा अखंड बाहेर येतो, तेव्हा जागेवर लावायचं. इथं तुमच्या मातीचा विषय येतो. विश्रामबागेत काळी, चिकट, कृष्णाकाठची माती, उसाला सोनं पण डायन्थसला वैरी. ती कशी फसवते बघा, सुकली की आक्रसते आणि कुंडीच्या कडेनं फट पडते, तुम्ही पाणी घातलं की ते त्या फटीतून थेट खाली जातं, भोकातून बाहेर पडतं, तुम्हाला वाटतं वा काय निचरा आहे, आणि आत मुळांजवळ कोरडं ठणठणीत. मग दोन-तीनदा पाणी घालून ती फुगली की आठवडाभर आत चिखल. दोन्हीकडून मरण. तुमच्या नर्सरीच्या रोपांचं बहुतेक असंच झालंय, ती रोपं कोकोपीटमध्ये वाढलेली असतात, काळ्या पिशवीतून काढून तो कोकोपीटचा गोळा तसाच काळ्या मातीत बसवला की आतला गोळा आणि बाहेरची माती यांचं पाणी एकमेकांत जुळत नाही, एक सुकलेलं तर दुसरं ओलं, आणि मुळं गोळ्याबाहेर जायलाच तयार होत नाहीत. लावताना तो गोळा खालून हातानं जरा सैल करायचा, कडेची गुंडाळलेली मुळं मोकळी करायची. शिवाय ती फुललेली रोपं बऱ्याचदा औषध देऊन बुटकी ठेवलेली असतात, त्यांची ताकद फुलांत गेलेली असते. घरी आणल्यावर आहे ती फुलं कापून टाका, जीव तुटतो पण कापा, मग झाड जगतं.

कुंडीसाठी माझं मिश्रण असं की तांबडी माती किंवा पोयटा दोन भाग, जाडसर वाळू एक भाग, चांगलं कुजलेलं शेणखत एक भाग आणि मूठभर निंबोळी पेंड. वाळू आता मिळत नाही, महाग पण झालीय, तर क्रश सँड घ्या, फक्त पाण्यानं धुवून त्यातली भुकटी काढून टाका, ती भुकटी राहिली तर सिमेंटसारखी बसते. साखर कारखान्याची मळी (रस गाळून उरलेला गाळ, प्रेसमड) फुकट मिळते म्हणून आणतात लोक, ती वर्षभर कुजलेली असेल तर ठीक, ताजी गरम पडते. नदीकाठच्या क्षारपड रानातली माती चुकूनही आणू नका. तशी डायन्थसला थोडी चुनखडीची माती चालते, सामू (पीएच) साडेसहा ते साडेसात असला की खूश, त्यामुळं आपल्या बोअरच्या जड पाण्याची फार धास्ती घ्यायचं कारण नाही, पण क्षार वेगळे आणि चुना वेगळा.

कुंडीच्या तळाला विटांचे तुकडे इंचभर-दोन इंच भरायची जुनी पद्धत आहे, माझं मत विचाराल तर सोडून द्या. त्यानं निचरा वाढत नाही, उलट पाणी त्या थराच्या वर मातीत अडून बसतं आणि मुळांना मिळणारी जागा तेवढी कमी होते. भोकावर खापराचा एक तुकडा पुरे. खाली बशी ठेवत असाल तर पाणी दिल्यावर अर्ध्या तासानं रिकामी करा. आठ इंची कुंडीत एक रोप, बारा इंचीत तीन. पुढच्या जागेत जमिनीवर लावायचं असेल तर आधी माती ओढून वीतभर उंच गादीवाफा करा, त्यात वरचंच मिश्रण कालवा आणि रोपं १५ ते २० सेंटीमीटरवर लावा. लावताना मान मातीत गाडायची नाही, ट्रेमध्ये होती तेवढीच किंवा किंचित वर. पालापाचोळ्याचं आच्छादन करत असाल तर खोडापासून चार बोटं लांब.

ऊन थंडीत पूर्ण द्या, पाच-सहा तास तरी. सावलीत पानं छान निळसर-हिरवी होतील पण कळी मोजायला लागेल. लावल्यावर पंधरा दिवसांनी शेंडा एकदा खुडायचा, चार-पाच जोड्या पानं ठेवून वरचं नखानं तोडायचं. फूल दोनेक आठवडे पुढं जातं पण फांद्या फुटून झाड गोल होतं. संकरित बुटक्या जाती आपोआप फुटतात, त्यांना खुडायची गरज नाही.

खताचं फार मनावर घेऊ नका. दर पंधरा दिवसांनी १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला एक ते दीड ग्रॅम, कळ्या दिसल्या की ०:५२:३४ तेवढंच. द्राक्षबागवाल्यांच्या शेडमध्ये ही पोती उघडीच असतात, वाटीभर मागून आणा, वर्ष जाईल. युरिया मात्र नको, पानं मऊ लुसलुशीत होतात, मावा धावत येतो आणि झाड कुजायला मोकळं.

किडीत थंडीभर मावा आणि फुलकिडे, निंबोळी तेल लिटरला पाच मिली आणि दोन थेंब भांडी घासायचं लिक्विड, संध्याकाळी मारा. फेब्रुवारीनंतर लाल कोळी येतो, पानावर बारीक पिवळे ठिपके आणि खालून जाळी, त्याला कोरडी धूळ आणि उष्णता आवडते. रस्त्याकडेच्या कुंड्यांना जास्त होतो. दोन-चार दिवसांआड सकाळी पानाच्या खालच्या बाजूला पाण्याचा जोरात फवारा मारला तर निम्मा आटोक्यात येतो, उन्हं असल्यानं पानं लगेच वाळतात, त्यामुळं कुजायची भीती नाही.

फुलं यायला लागली की सुकलेलं फूल नुसतं ओढून काढू नका, दांडी खालच्या पानांच्या जोडीपर्यंत कात्रीनं कापा. नाहीतर बी धरतं आणि पुढच्या कळ्या थांबतात. पहिला मोठा बहर ओसरला की सगळं झाड वरून एक तृतीयांश छाटा, १९:१९:१९ द्या, चार-सहा आठवड्यांत दुसरा बहर येतो. जानेवारीत छाटलं तर मार्च मध्यापर्यंत फुलं बघाल. त्यानंतर दुपारची सावली, हिरव्या नेटखाली वगैरे ठेवून थोडं लांबवता येतं, पण एप्रिलच्या सांगलीत त्याला जगवायचा हट्ट मी करत नाही, हंगामी झाड म्हणून लावायचं, काढून कंपोस्टमध्ये टाकायचं, कुंडीत तोवर दुसरं काहीतरी लावायचं.

बी धरायचं असेल तर दुसऱ्या बहरातल्या दोन-तीन चांगल्या झाडांवरची काही फुलं कापायची नाहीत. फूल सुकल्यावर त्याच्या हिरव्या नळीत बोंड भरतं, महिनाभरात नळी वाळून गव्हाळ होते आणि बोंडाचं तोंड चार दात्यांनी उघडतं. आत डोकावून बी काळं दिसलं की दांडीसकट तोडा आणि कागदी पिशवीत उलटं टाका, उशीर केला तर वाऱ्यानं सांडतं. आठवडाभर सावलीत वाळवून डबीत, डबी फ्रिजमध्ये, दोन-तीन वर्षं चांगलं उगवतं. फक्त एफ-वन, म्हणजे पहिल्या पिढीच्या, संकरिताचं बी धरलं तर पुढची पिढी रंगाला, उंचीला एकसारखी येत नाही, कुठं गुलाबी कुठं पांढरा असा मिसळ निघतो. मला तो आवडतो, पण एकाच रंगाची रांग पाहिजे असेल तर नवीन पाकीट घ्यावं लागेल. आणि शेजारी दुसऱ्या रंगाचा डायन्थस असेल तर साध्या जातीतही मधमाश्या-फुलपाखरं सरमिसळ करतातच, ते धरून चाला.

तुमच्या पाकिटात बी उरलं असेल तर टाकू नका. डबीत बंद करून फ्रिजच्या दारात ठेवा आणि घट बसायच्या आधी आठवडाभर दहा बिया ओल्या टिश्यूमध्ये गुंडाळून उगवण बघा, सहा-सात उगवल्या तर तेच पेरा, दोन-तीनच उगवल्या तर नवीन मागवा.